तिळीचं वजन

पीठ पडायला लागलं की काकू चिमूट पुढे करायच्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये पीठ चोळायच्या, डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे पाहायच्या आणि गिरणीचं चाक एवढंसं फिरवायच्या. "जाडं पडून राह्यलं," एवढंच म्हणायच्या. ज्याचं दळण असेल त्याला उभ्या उभ्या काही फरक कळायचा नाही. तो घरी भाकरी थापणारीला कळायचा.

दळण झालं की डबा तराजूवर. लोकांना घाई असायची. "राहू द्या ना काकू, तुमच्यावर भरोसा हाय," असं कोणी म्हटलं की काकूंचं उत्तर ठरलेलं होतं.

"माह्यावर काऊन ठेवता? काटा बोलते, आपन आयकाव."

हे वाक्य आमच्या देऊळघाटात इतकं रुळलं, की भावाभावांच्या वाटणीत शब्दाला शब्द वाढला तरी कोणीतरी म्हातारा म्हणायचा, "थांबा बे, काटा बोलते, आपन आयकाव." म्हणणाऱ्याच्या घरी तराजूही नसायचा. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याचं वाक्य गाव वापरतं आणि वाक्य कोणाचं ते विसरूनही जातं. आमच्याकडे विसरले नाहीत, एवढंच.

माझं दुकान गिरणीला लागून आहे. जळालेल्या मोटारी भरून द्यायचं काम, म्हणजे जुनी तार उपसून नवी गुंडाळायची. विहिरीवरच्या मोटारी, कूलरच्या मोटारी, आणि वर्षा-दोन वर्षांतून काकूंच्या गिरणीची मोटार. दोन्ही दुकानांत भिंत एकच. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरचे स्क्रू आपोआप चालू लागायचे आणि चहात बारीक लाटा यायच्या. काकूंना मी जेवढं पाहिलं तेवढं काकांनीसुद्धा पाहिलं नसेल, कारण काका बहुतेक वेळ डोळे मिटून असायचे. काका म्हणजे काकूंचे यजमान. गळ्यात तुळशीची माळ, ओठ सतत हलते, स्वभावानं गाय. गिरणी काकूंची आणि काका गिरणीचे, असं आम्ही पोरं मागून म्हणायचो. काकांनाही ते माहीत होतं आणि ते स्वतःही हसायचे.

गिरणी म्हटलं की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलं. काकूंची मांजर पांढरी होती आणि पिठामुळे आणखी पांढरी दिसायची. नाकावर तिळाएवढा काळा ठिपका, म्हणून तिचं नाव तिळी.

तिळीचे ऐन दिवस मी पाहिलेत. सोयाबीन-मका घरात आला की लोक तिला उसनी मागायला यायचे. टोपलीत घालून, वर फडकं बांधून, सुनेला माहेरी न्यावं तशी न्यायचे आणि आठ-दहा दिवसांनी परत आणून द्यायचे. आणताना रिकामी टोपली कोणी आणायचं नाही, त्यात मूठभर काहीतरी असायचं. धाड गावाच्या बाजूच्या एका पाहुण्यानं तर तिला कायमची मागितली. काकू म्हणाल्या, "पोरगी मांगा, देतो. तिळी नाही भेटत." काकूंना पोरगी नव्हती. पोरगाही नव्हता. पाहुणा हसला आणि विषय तिथंच संपला.

ती म्हातारी होते आहे हे सगळ्यांत आधी उंदरांना कळलं. गव्हाच्या पोत्यांच्या कोपऱ्यात भोकं दिसू लागली. मग आम्हाला कळलं. गिरणीच्या वरच्या पेटीवर एका उडीत जाणारी तिळी खाली बसून वर नुसती बघत राहायची, जसं कोणी एसटी चुकल्यावर रस्त्याकडे बघतं.

आमच्याकडे म्हाताऱ्या मांजराचं काय करतात ते सांगतो. पोत्यात घालतात आणि घाटाखाली सोडून येतात. आम्ही घाटावरचे लोक, आम्हाला नको असलेलं सगळं घाटाखाली ढकलायची जुनी खोड आहे. मारायचं नाही, मांजर मारलं तर पाप लागतं. सोडलं तर मात्र लागत नाही, असा हिशेब. काकूंनाही कोणीतरी तोच सल्ला दिला. दळणाच्या रांगेत उभा असलेला गृहस्थ होता, सहज बोलून गेला.

"काकू, हिले आता मोताळ्याकडं सोडून द्या. नवी आना. ही बसून खाऊन राह्यली."

काकूंनी गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत वाट पाहिली, म्हणजे सगळ्या रांगेला नीट ऐकू यावं. मग विचारलं, "अन् तुमच्या मायले कोनत्या घाटाखाली सोडलं तुमी? सांगा, तितंच नेऊन सोडतो."

त्या माणसाची आई घरी होती, धडधाकट होती आणि काकूंची मैत्रीण होती. बिचाऱ्यानं दळण नेलं आणि पुढे महिनाभर बायकोला पाठवलं.

त्या दिवसापासून काकूंनी जणू पैज घेतली. सोडायची तर नाहीच, आणि ठेवायची म्हणजे नुसती ठेवायची नाही. त्यांनी गव्हाची पोती उतरत्या पायऱ्यांसारखी लावली, एक पोतं, दोन पोती, तीन पोती, की तिळीला उडी न मारता वरच्या पेटीजवळच्या उबेत जाता यावं. गिऱ्हाइकानं चुकून त्यातलं पोतं हलवलं तर ओरडा खायचा. अंग चाटायला मान मागे वळेना, तेव्हा पाठीवर पिठाचे आणि केसांचे गोळे व्हायला लागले. काकू जुन्या फणीनं ते सोडवायच्या. नखं झिजेनात, वळून पंजाच्या गादीत घुसायला लागली, तर एकदा मलाच बोलावलं. "भाऊ, तुह्याकडं तार कापाची बारीक कातर हाय ना, आन बरं." मी आणली. तिळीनं मला बोचकारलं, काकूंना नाही.

दूध बंद केलं तेव्हा तर आळीत वादळ झालं. आमच्या बायकांना वाटतं, मांजर म्हणजे दूध. तिळी थकली म्हणून जो तो वाटी घेऊन यायला लागला, आणि तिचं पोट वाहायला लागलं. म्हशी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना काकूंनी विचारलं, तर ते म्हणाले, मोठ्या मांजराला दूध पचेलच असं नाही, म्हातारीला तर नाहीच. त्यांनी आणखीही एक सांगितलं, की मांजर दुखणं लपवतं, म्हणून तिच्या वजनावर लक्ष ठेवा, वजन खाली जायला लागलं की समजा आत काहीतरी बिघडतंय. काकूंनी यातलं बाकीचं नुसतं ऐकलं, पण वजनाचं ऐकून त्यांचा चेहरा फुलला. त्यांच्याच प्रांतातली गोष्ट होती.

"कुत्र्याचा पाय मुरगळला तं सारं गाव डोक्शावर घेते," त्या मला म्हणाल्या. "मांजराचं दुखलं तं कोपऱ्यात जाऊन बसते. तिच्या तोंडानं नाही सांगत. काट्याच्या तोंडानं सांगन."

मग दर बाजाराच्या दिवशी तिळीचं वजन व्हायला लागलं. वेळ मुद्दाम बाजारची निवडली होती, कारण त्या दिवशी रांग मोठी असायची आणि काकूंना चार माणसांदेखत मापायची सवय. डालड्याचा एक जुना डबा कापून बुटका केला होता, तळाला दुमडलेलं गोणपाट घातलं होतं. तराजूच्या एका पारड्यात डबा, दुसऱ्यात त्या रिकाम्या डब्याच्या वजनाचा दगड. याला आम्ही धडा म्हणतो; तो दगड एकदाच जुळवून ठेवला होता, आणि डबा-दगड मांडायचं काम काकांचं. धडा केला की डबा मोजला जात नाही, आतलंच काय ते मोजलं जातं. तिळी डब्यात बसायची, शेपूट बाहेर, आणि असं तोंड करून बघायची की जणू काही सगळी माणसं तिचंच वजन करायला आली आहेत. तशी आलेलीही असायची.

"काय भरली?"

"तीन किलो वर पावशेर. मांगल्या बाजारले होती तेवढीच."

रांगेत समाधानाचा आवाज व्हायचा. परगावचा कोणी असला तर त्याला लगेच ऐकवलं जायचं, "आमची तिळी हाय. तुमच्या गावात एवढी म्हातारी मांजर हाय का?" नसायची. खरं सांगतो, ज्यांनी तिला घाटाखाली सोडायचा सल्ला दिला होता, तेसुद्धा आता तिच्या वजनाचा अभिमान बाळगायचे. मीही बाळगायचो. आमच्या गावाच्या नावावर मोठं असं फार काही नाही, पण बाजाराच्या दिवशी मांजर तोलणारं गाव दुसरं दाखवा.

एका बाजाराला तिळी कमी भरली. फार नाही, पन्नास ग्रॅमचं माप काढून ठेवावं लागलं एवढंच. पण काकूंचा दिवस गेला. दळणं चुकली, गव्हात कोणाची तरी ज्वारी गेली, ज्या गोष्टी त्या गिरणीत कधी झाल्या नव्हत्या. जेवल्या नाहीत. काकूंना रक्तदाबाचा त्रास होता, डॉक्टरांनी घोर करू नका म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पोत्यांवर बसल्या, तेव्हा काकांचे मिटलेले डोळे मी पहिल्यांदा टक्क उघडे पाहिले. त्यांनी मुठीत काकूंचा हात धरला होता आणि ओठ हलायचे थांबले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काका माझ्या दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "दोन-चार लोखंडी नट हायेत का रे बाप्पा तुह्याकडं? जुने असले तं चालतीन." माझ्याकडे नटांची रास होती. मी मूठभर दिले. गिरणीच्या कामाला हवे असतील असं मला वाटलं, दुसरं काय वाटणार.

पुढच्या बाजाराला तिळी पूर्ववत भरली. काकूंनी आरतीला टाळी वाजवावी तशी टाळी वाजवली. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेवढीच भरली. त्याच्याही पुढच्या. काका मधून मधून येऊन आणखी मूठभर नट न्यायचे.

पण मला माझ्या दारातून एक गोष्ट दिसत होती. काकू दुपारी रिकाम्या असल्या की पायरीवर बसून तिळीला मांडीवर घ्यायच्या आणि पीठ चोळावं तशी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायच्या. पूर्वी सोडली की कातडी चट्कन बसायची. आता ती घडी घातल्यासारखी उभी राहायची आणि मग हळूहळू बसायची. काकू पुन्हा धरायच्या, पुन्हा सोडायच्या. पाठीवरून हात फिरवताना त्यांचं बोट मणक्यांवरून अडखळत जायचं. पाण्याच्या परळातलं पाणी सकाळी भरलं की दुपारी संपलेलं असायचं.

"हाडं लागून राह्यली हाताले," त्या म्हणायच्या. "पानी बी लय पेऊन राह्यली."

"मग दाखवा ना डॉक्टरला."

"पन वजन तं तेवढंच हाय." मग त्या तराजूकडे पाहायच्या आणि हळूच म्हणायच्या, "काटा बोलते, आपन आयकाव. माह्या हाताचंच कायतरी चुकून राह्यलं. मीबी म्हातारी झालीच ना आता."

ज्या चिमटीवर सगळ्या गावाच्या भाकरी अवलंबून होत्या, तिच्यावर त्या बाईचा विश्वास उडायला लागला होता. मला तेव्हा ते नीट कळलं नाही, पण त्यांचा आवाज उतरलेला कळायचा. आणि तिळी दिवसातून जास्त वेळ झोपायची.

नवरात्राच्या आदल्या दिवशी गिरणी धुतात. उपासाचं दळण येतं, भगर, राजगिरा, शिंगाडा. त्यात गव्हाचा कणही जाऊन चालत नाही, म्हणून दगडापासून डब्यांपर्यंत सगळं झाडून पुसून काढायचं. बाहेर बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी मोटारीवरचं पीठ झाडून द्यायला आत गेलो होतो. काका पाणी आणत होते. काकू एकेक डबा बाहेर काढून उलटा करत होत्या. तिळीचा डबा हातात आला, त्यांनी गोणपाट ओढून झटकलं आणि नट खळखळ करत फरशीवर पडले.

एक नट घरंगळत माझ्या पायाशी आला. काकूंनी तो पाहिला, मग मला पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या हातातली बादली तशीच होती, पाणी काठावरून सांडत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

काकूंनी गोणपाट पुन्हा डब्यात घातलं. रिकामा डबा पारड्यात ठेवला, धडा केला. काटा मध्ये आला. तिळीला उचलून आत बसवलं. दुसऱ्या पारड्यात नेहमीची मापं ठेवली, ती एकेक करून काढावी लागली. काढून काढून शेवटी दोन किलो आणि वर थोडंसं, एवढंच उरलं.

"तुह्या जिवाले घोर नको म्हनून..." काका म्हणाले. "तू त्या दिशी चक्कर येऊन पडली. मले वाटलं, मांजर काय, आज ना उद्या जाईनच. पन तू..."

काकूंनी तिळीला उचलून घेतलं. मग म्हणाल्या, आणि रागानं नाही, थकून म्हणाल्या, "तुमी मले खोटं सांगतलं असतं तं मी समजून घेतलं असतं. मानूस हाय, बोलते खोटं. पन काट्याले काऊन खोटं बोलाले लावलं? मी माह्या हाताले खोटी म्हनत राह्यली ना एवढे दिवस."

काका बादली खाली ठेवून दाराशी बसले आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं.

काकूंनी तिळीला पदरात गुंडाळलं आणि बाहेर आल्या. बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. सबंध वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस, आणि उपासाचं पीठ दुसऱ्या दिवशी हवंच. काकू म्हणाल्या, "गिरनी बंद हाय आज. मले बुलढान्याले जाचं हाय." त्या गिरणीला सुतकातसुद्धा कोणी असं दुपारी बंद होताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता गलका होणार. रांगेतली पहिली बाई, जिच्या डब्यात राजगिरा होता, तिनं डबा उचलून कमरेवर घेतला आणि म्हणाली, "जा काकू. आमी साबुदाना खाऊ." मागच्या सगळ्या जणी वळल्या. रिक्षा मी आणली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तिळीचं रक्त तपासलं. किडन्या थकल्यात म्हणाले. वेळेवर आणलं असं म्हणवत नाही, पण उशीर झाला असंही नाही. पातळ खाणं द्या, मऊ द्या, मीठ नको, पाणी चार ठिकाणी ठेवा, औषध चुकवू नका, मधून मधून सलाईन लागेल. बरी होणार नाही, पण नीट जपलं तर चांगली जगेल. "आणि वजन दर आठवड्याला," ते म्हणाले. "तेच मला आधी कळवा."

"काट्यावर?" काकूंनी विचारलं.

"काट्यावरच. नजरेवर जाऊ नका."

"हाताचं बी आयकाव का?"

डॉक्टर हसले. "दोन्हींचं ऐका. भांडण झालं दोघांचं, तर इकडे या."

आता प्रश्न आला खाण्याचा. डॉक्टरांनी उकडलेली कोंबडी सांगितली होती, बिनमिठाची, बिनहळदीची, आणि काकांच्या गळ्यात माळ. त्यांच्या घरात अंड्याचं टरफल कधी गेलं नव्हतं. माझी बायको म्हणाली, आमच्याकडे शिजवते. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी माझ्या चहाच्या आधी तिळीचा डबा तयार व्हायला लागला. तो न्यायला कोण यावं? काका. कोणी सांगितलं नव्हतं. हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून, ओठ जोरजोरात हलवत ते तो डबा आळीतून न्यायचे आणि गिरणीच्या पायरीवर ठेवून नळावर हात धुवायचे. सगळी आळी हसायची. पहिल्या दिवशी हसली, पुढे हसेनाशी झाली. पाऊस असो, एकादशी असो, काका चुकले नाहीत. पुढे पुढे तर ते तिळीच्या जवळ बसून ती सगळं खाते की नाही हे पाहायला लागले आणि उरलं तर माझ्या बायकोला येऊन सांगायला लागले. "आज दोन घास टाकले तिनं. तुकडे मोठे झाले काय वं माय?"

काकूंनी त्या गोष्टीवर पुन्हा कधी आपणहून तोंड उघडलं नाही. एकच शिक्षा दिली. "तराजूले हात लावू नका तुमी," म्हणाल्या, आणि ते कायमचं. बाजाराच्या दिवशी वजनाची वेळ झाली की काका आपणहून पलीकडच्या भिंतीला जाऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. काकू काटा वाचायच्या, खणखणीत. कमी भरली तर कमी, आणि कमी भरली म्हणून आता त्यांना चक्करही यायची नाही. डॉक्टरला फोन लावायच्या, औषध बदलायचं, पुढच्या बाजाराला थोडीशी वाढायची. अडीच किलोवर ती म्हातारी जी टिकली ती टिकलीच. डॉक्टर स्वतः म्हणाले, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या जनावरांत हिची निगा पहिल्या नंबरची. काकूंनी हे वाक्य त्या आठवड्यात भेटेल त्याला ऐकवलं. मी त्याच्या दुप्पट लोकांना ऐकवलं असेल.

घाटाखाली मांजर सोडायला निघालेली माणसं मग पोतं घेऊन आधी गिरणीवर यायला लागली. "काकू, पाहता का जरा?" काकू चिमटीत कातडी धरायच्या, दात पाहायच्या, पारड्यात बसवायच्या. त्यातली बरीच मांजरं त्याच पोत्यात, पण तोंड उघडं ठेवून, परत घरी गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि याचा मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

एकदा दुपारी मी विचारलं, "काकू, काकांना माफ करून टाका ना आता. बिचारे दर बाजाराला भिंतीला उभे राहतात."

त्या तिळीला फणी करत होत्या. "माफ तं त्याच दिशी केलं," म्हणाल्या. "मानूस वाईट नाही. मले जपाले गेला. पन जपाचं तं खरं सांगून जपाव. एवढं त्याईच्या ध्यानात राह्यलं पाह्यजे, म्हनून उभं करतो."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. संध्याकाळी गिरणी झाडली, तिळीच्या परळात पाणी भरलं, घरी गेल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. इतकं साधं मरण त्यांना शोभलं, असं लोक म्हणाले. मला काही शोभलं-बिभलं नाही, मला राग आला. भिंतीपलीकडे गिरणी थांबली होती आणि माझ्या टेबलावरचे स्क्रू जागच्या जागी होते.

तेरवीपर्यंत गिरणी बंद होती. तिळीला मी दुकानात आणली, पण ती गिरणीच्या पायरीवर जाऊन बसायची. काका रोज डबा न्यायला येत होते. बोलत नव्हते, पण येत होते. ती थोडं खायची आणि बाकीचं तसंच राहायचं.

तेरवीनंतरच्या बाजाराला काकांनी गिरणी उघडली. लोक आले, गरजेपेक्षा जास्तच आले. काही जणांच्या डब्यात उगाच मूठ-दोन मुठी दाणे होते. काकांनी खटका दाबला, गिरणी सुरू झाली. पहिलं पीठ पडलं तेव्हा त्यांनी चिमूट पुढे केली, चोळलं, आणि त्यांना काही कळलं नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं.

मग वजनाची वेळ झाली. सवयीनं काका दोन पावलं भिंतीकडे गेले आणि थांबले. वळले. रांगेनं डबे खाली ठेवले. त्यांनी तिळीचा डबा घेतला, गोणपाट बाहेर काढून झटकलं, आणि डबा उलटा करून रांगेला दाखवला. आधी उजवीकडच्यांना दाखवला, मग डावीकडच्यांना. मला वेगळा दाखवला. मग धडा केला आणि तिळीला उचलून आत ठेवलं. ती बसली, शेपूट बाहेर टाकून.

दुसऱ्या पारड्यात काकांनी अडीच किलोची मापं मांडली. एक माप काढलं. काटा हलला नाही. आणखी एक काढलं. त्या क्षणी ते काहीही म्हणाले असते तरी आम्ही ऐकलं असतं, अडीच किलो म्हणाले असते तरी ऐकलं असतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

"कमी भरली," काका म्हणाले. काकूंसारखं खणखणीत नव्हतं, पण रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "लय कमी भरली. काटा बोलते..."

रांगेतल्या पहिल्या बाईनं डबा उचलून कमरेवर घेतला. तिच्या मागच्यानं घेतला. बघता बघता सगळे डबे उचलले गेले आणि वाट मोकळी झाली. काका तिळीला पंच्यात गुंडाळत होते. मी गिरणीचा खटका खाली केला आणि रिक्षा आणायला निघालो.